टॉवेलाखालचा जपान

गाडे सरांनी गाडी घेतली, या एका वाक्यावर स्टाफरूममध्ये जेवढे विनोद होणं शक्य होतं, तेवढे मधल्या सुट्टीपर्यंत होऊन संपले. सरांनी ते उदार मनाने ऐकून घेतले. ज्याच्या दारात जपानी गाडी उभी आहे, त्याला असल्या किरकोळ गोष्टी मनाला लावून घ्यायची गरज नसते, असं त्यांचं तेव्हा मत होतं. ते मत पुढे फार काळ टिकलं नाही.

कानिफनाथ गाडे राहुरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत. जपानची बेटं, तिथले ज्वालामुखी, वेळेवर सुटणाऱ्या आगगाड्या हे सगळं ते वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. प्रत्यक्षात सरांनी पाहिलेली सगळ्यात लांबची जागा म्हणजे गोवा, आणि तीही लग्नाच्या वाढदिवसाला. तिथल्या हॉटेलमालकाच्या अंगणात, माडाखाली, एक पांढरी गाडी धूळ खात उभी होती. मालकाचा भाऊ जपानात आचारी होता, त्याने येताना ती बोटीतून आणली होती. भाऊ पुन्हा जपानला गेला आणि गाडी माडाखाली राहिली. सरांनी तिच्या काचेवरची जपानी अक्षरं पाहिली आणि त्यांचा ऊर भरून आला. आपण जपानला गेलो नाही तर काय झालं, जपान आपल्याकडे येऊ शकतो, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला तो काही केल्या बाहेर पडेना. चार लाखांत सौदा ठरला.

"अहो, एवढ्यात आपल्या इकडची चांगली सेकंडहँड मिळाली असती," रुपाली म्हणाली. "तिचे पार्ट तरी मिळाले असते."

"अगं, पार्ट मिळत नाहीत म्हणून तर तिला इंपोर्टेड म्हणायचं!" सर म्हणाले. रुपालीने मान हलवली. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका पुढे काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात.

गाडी कॉलनीत आली आणि पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना जिंकलं. किल्ली फिरवली की आतून एक बाई बोलायची. एकच वाक्य, अतिशय गोड, आणि शेवट जरा लांबवलेला. शेजारच्या रतनकाकू मागच्या सीटवर बसल्या होत्या, त्या दचकल्या.

"काय म्हन्ती हो सर ही?"

भूगोलाच्या मास्तरला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते. "आपलं स्वागत असो, प्रवास सुखाचा होवो, असं म्हणते," सरांनी ठोकून दिलं.

"व्हय गं बाई," रतनकाकूंनी डॅशबोर्डकडे बघून हात जोडले, "तुजंबी भलं होवो." तेव्हापासून गाडीचं नावच 'जपान' पडलं. सर, जपान जरा पुढं घ्या, पाण्याचा टँकर यायचाय. सर, जपानखाली मांजर व्यालीय. असं दिवसभर चालायचं आणि सर न कुरकुरता जपान पुढेमागे करायचे.

अडचण एकच होती. येणारा प्रत्येक जण बॉनेटवर थाप मारून विचारायचा, "केवढ्याला पडली?" आता चार लाख हा आकडा तसा वाईट नाही, पण इंपोर्टेड शब्दाच्या शेजारी ठेवला की फारच केविलवाणा वाटतो. खोटं सांगावं तर सर शिक्षक. खरं सांगावं तर जपानची अब्रू जाते. मग सर घसा खाकरून म्हणत, "पडली आपली बऱ्यापैकी," आणि टायरकडे बघत राहत.

रतनकाकूंचे यजमान सहादेव आण्णा यांना असं उत्तर चालण्यासारखं नव्हतं. आण्णांचं सगळं आयुष्य घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात गेलेलं. 'बऱ्यापैकी' नावाचा भाव त्यांनी कधी ऐकला नव्हता. पण सर अवघडलेत हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. चारचौघांत भाव बोलायचा नसतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सरांच्या उजव्या हातावर टाकला, खालून आपला हात घातला आणि आभाळाकडे बघत म्हणाले, "हं. लाखात सांगा."

बाजारात भाव असा सांगतात. टॉवेलाखाली जेवढी बोटं दाबाल तेवढा आकडा, पुन्हा दाबाल तर त्यात मिळवायचं, आणि सगळा पंजा धरला की पाच. कानाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. सरांना यातलं जेवढी बोटं तेवढा आकडा, एवढंच ऐकून माहीत होतं. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी आण्णांची चार बोटं दाबली. आण्णांचा चेहरा हलला नाही, म्हणून नीट दाबली गेली नसतील अशा शंकेने पुन्हा चार दाबली. आणि मग काम झालं म्हणून, सुशिक्षित माणूस करतो तसं, आण्णांचा पंजा हातात घेऊन चांगला घट्ट शेकहँड केला.

आण्णांचे डोळे मोठे झाले. त्यांनी टॉवेल काढून घेतला, त्यानेच आपलं तोंड पुसलं आणि म्हणाले, "लई झालं सर. लई झालं." मग तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून कॉलनी बदलली. पुन्हा कुणी किंमत विचारली नाही. लोक सरांशी हळू आवाजात बोलू लागले. पाण्याची वर्गणी राहिली होती, तिची कुणी आठवण केली नाही. पेढे मागायला कुणी आलं नाही. आणि संध्याकाळी रतनकाकू स्वतः पिठलं-भाकरी घेऊन आल्या, ताटली रुपालीच्या हातात देऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

"पिठलं-भाकरी कशाला?" रुपाली दारातच विचार करत उभी राहिली.

"मान आहे तो," सर म्हणाले आणि दुसरी भाकरी घेतली. "इंपोर्टेड गाडीला वजन असतं." त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला. ते कॉलनीच्या मधोमध चालू लागले.

गाडी परराज्यातली, त्यामुळे आता तिची इथे नोंद करायची होती आणि टॅक्स भरायचा होता. सर रजा टाकून आरटीओत गेले. खिडकीतल्या क्लार्कने नाव टाइप केलं, संगणकाने बराच विचार केला आणि असं मॉडेल आपल्या यादीत नाही म्हणून सांगितलं. नाही म्हणजे जवळचं घ्यायचं, असा नियम. जवळचं म्हणून संगणकाने त्याच कंपनीची, हल्लीच निघालेली, डोंगर चढणारी अवाढव्य गाडी निवडली. तिची किंमत तीस लाख. त्यात इंपोर्टेड म्हणून टॅक्सचा दर दुप्पट. क्लार्कने कागद बाहेर सरकवला. टॅक्स सहा लाख होता.

"अहो, गाडीच चार लाखांची आहे!" सर खिडकीत डोकं घालून ओरडले. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं, आणि लगेच मागे वळून राहुरीचं कुणी रांगेत नाही ना हे पाहिलं.

"पावत्या सगळ्यांच्याच कमी किमतीच्या असतात सर," क्लार्क समजुतीने म्हणाला. "हरकत घ्या. अर्ज करा. पाहणी होईल."

टॅक्स भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, आणि मुदतीत भरला नाही तर आली तिकडे परत न्यायची, असंही त्याने सांगितलं. म्हणजे माडाखाली. सर घरी आले ते एसटीने, उभे राहून. वळणावर कुणीतरी पायावर पाय दिला तेही त्यांना कळलं नाही.

त्यानंतर सरांच्या पायाला भिंगरी लागली. जेवता जेवता उठून ते खिडकीतून जपान जागेवर आहे का बघून येत. वर्गात नद्यांऐवजी आयात-निर्यात शिकवत. फोन वाजला की आरटीओचा असेल म्हणून धावत, आणि तो कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीचा निघाला की तिलाच मूल्यांकनाचे नियम समजावून सांगत. शेवटी ती मुलगी बिचारी "ठीक आहे सर, काळजी घ्या," म्हणून फोन ठेवायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सांगितलं, गाडीवर जपानी अक्षरं आहेत ती खरवडून टाका, इंपोर्टेडपणा आपोआप जाईल. दुसरा म्हणाला, शिर्डीला नेऊन बाबांच्या पायावर कागद ठेवा. सरांनी रस्त्यावर आणायची नाही ही अट सांगितली, तर तो म्हणाला, मग बाबांना फोटो दाखवा. तिसऱ्याच्या ओळखीतल्या कुणाचा तरी मेहुणा आरटीओत होता, पण तो दोन वर्षांपूर्वीच तिथून बदली होऊन खर्डा गावी गेला होता.

अर्जासोबत जपानी कागदांचं भाषांतर हवं होतं. पुण्यात जपानी शिकवणाऱ्या एका बाईंना सरांनी कागदांचे फोटो पाठवले, आणि जाता जाता गाडीतल्या बाईचा आवाजही रेकॉर्ड करून पाठवला. भाषांतर आलं. कागद ठीक होते. आवाजाखाली लिहिलं होतं, 'टोलचं कार्ड घातलेलं नाही.' सरांनी ते दोनदा वाचलं. जिला ते इतके दिवस स्वागताची बाई समजत होते, तीही मुळात करच मागत होती. त्यांनी हे रुपालीलासुद्धा सांगितलं नाही.

अखेर पाहणीचा दिवस ठरला. मोटार वाहन निरीक्षक घरी येऊन गाडी बघणार, शेजारचे दोन पंच घेऊन किंमत लिहिणार. सरांनी डाव नीट आखला होता. गाडी इतके दिवस धुतली नव्हती. धुळीचा थर चांगला बसला होता, एक आरसा सुतळीने बांधलेला होता, मागची काच खाली गेली की हाताने वर ढकलावी लागत होती. आजवर ज्या गोष्टी त्यांनी लपवल्या त्या आज साहेबांना एकेक करून दाखवायच्या होत्या. त्यांनी आरशासमोर उभं राहून दीनवाणा चेहराही करून पाहिला.

आंघोळ करून सर बाहेर आले आणि पायरीवरच थबकले. जपान झळकत होता. रतनकाकू आणि कॉलनीतल्या चार बायकांनी मिळून तो घासून पुसून लख्ख केला होता. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची. नाक्यावरच्या हर्षल गॅरेजवाल्याने पैसे न घेता आरसा बसवून दिला होता आणि काचही दुरुस्त केली होती.

"हे काय केलंत!" सर पायरीवरूनच म्हणाले.

"सायेब यायचंत म्हटल्यावर घान गाडी दाखवायची व्हय?" रतनकाकू म्हणाल्या. "तुमी नगा काळजी करू सर. आमी हाय की सगळे." त्यांच्या आवाजात एवढी माया होती की सरांना ओरडताही येईना. ते हार काढायला वाकले, तेवढ्यात सरकारी गाडी फाटकात वळली.

निरीक्षक महेंद्र साळवे शांत स्वभावाचे होते. त्यांनी हाराकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि वही उघडली. किल्ली फिरवली. बाई बोलली. "तुमचंबी भलं हुईल सायेब," रतनकाकूंनी बाईच्या वतीने सांगून टाकलं. साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "चांगली ठेवलीय," म्हणाले. सर पुढे धावले. ते काच खालीवर करून दाखवू लागले आणि काच, आयुष्यात पहिल्यांदा, सरसर वर गेली.

"पंच कोण?" साहेबांनी विचारलं. सहादेव आण्णा कडक टोपी घालून तयारच होते. दुसऱ्या पंच म्हणून रतनकाकू पुढे झाल्या. एव्हाना निम्मी कॉलनी फाटकाशी जमली होती. "आण्णा, सरांनी ही कितीला घेतली, काही कल्पना आहे?"

"कल्पना?" आण्णांना राग आला. "मला सवता सरांनी सांगितल्यालं हाय."

"सांगा मग."

"आसं उगड्यावर?" आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. सर मागून 'सांगा, सांगा' अशा खुणा करत होते, डोळे मोठे करत होते, मान हलवत होते. आण्णांना वाटलं सरांना उन्हाचा त्रास होतोय. साहेबांनी हसून हात पुढे केला. लहानपणी ते आजोबांच्या मागे बाजार हिंडलेले होते, त्यांना हे नवं नव्हतं. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. साहेबांचं हसू मावळलं.

"चार, चार आणि पाच," ते म्हणाले. "तेरा लाख? सर, पावतीवर तर चार आहेत."

"तो पाच नव्हता!" सर ओरडले. "तो शेकहँड होता!"

आण्णा सरांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "सर," ते हळू म्हणाले, "सगळी हयात बाजारात गेली माजी. बाहीर लोक काय वाट्टंल ते बोलत्यात. पर टावेलाखाली मला आजवर कुनी खोटं सांगितल्यालं न्हाई."

साहेबांनी पेन टेकवलं. "हे बघा सर, मला एकच आकडा लिहायचाय. तेरा खरे असतील तर पावती खोटी, अर्ज निकालात, आणि संगणकाचा आकडा कायम. चार असतील तर तसं म्हणा. मोठ्याने. पंचांना ऐकू गेलं पाहिजे."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. ज्या लोकांच्या मधोमध ते इतके दिवस मान ताठ ठेवून चालले होते, ते सगळे समोर उभे होते. दारात रुपाली होती. एकीकडे माड दिसत होता, दुसरीकडे ही माणसं. सरांना इतकी लाज कधीच वाटली नव्हती, विद्यापीठाच्या परीक्षेत नापास झाले होते तेव्हाही नाही.

"चार," ते पुटपुटले.

"आयकू न्हाई आलं," रतनकाकू म्हणाल्या. त्यांना खरंच आलं नव्हतं.

"चार!" सरांचा बांध फुटला. "चार लाख! सेकंडहँड! माडाखाली पडून होती! एसी चालत नाही, पार्ट मिळत नाहीत, आणि ती बाई तुमचं स्वागतबिगत काही करत नाही काकू, ती टोलचं कार्ड घाला म्हणते!"

आण्णा पुढे आले. त्यांनी जपानभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर तळवा टेकवला, वाकून चाकं पाहिली, बैलाची बघावी तशी मागे जाऊन उभी ठेवण निरखली.

"चार?"

"चार."

"बोटीचं भाडं धरून?"

"सगळं धरून."

"आरं तिच्या!" आण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. "सर, तुमी तर त्याला लुटलं की वो! घोडेगावच्या बाजारात आसा सौदा म्या करून दावला न्हाई कदी!" आणि फाटकाशी उभी असलेली सगळी कॉलनी एकदम हसायला, बोलायला लागली. कुणी सरांच्या पाठीवर थाप मारली. हर्षल म्हणाला, मला आधी सांगितलं असतं तर मीच दुसरी आणली असती.

सरांना काही कळेना. "म्हणजे, तुम्हाला कमी किंमत... चालते?"

"चालती म्हंजे?" आण्णा म्हणाले. "जास्त पैशे द्यायला काय अक्कल लागती? आमी आपलं समजलो, साधा मास्तर मानूस, गोव्यात कुनीतरी त्येला पार बुडवला. म्या आकडा नव्हता सांगितला कुनाला, बसल्याला फटका तेवडा सांगितला. तवापासनं लोक गप हायेत. म्हटलं, दुख्या मानसाला कशाला पेढं मागायचं."

सर हळूहळू पायरीवर बसले. "काकू," त्यांनी विचारलं, "मग ती पिठलं-भाकरी?"

"दुखवट्याची व्हती सर," रतनकाकूंनी पदराने डोळे पुसले. "तुमच्या घरात चूल कशी पेटायची, म्हून आनली." दारात रुपाली तोंडावर पदर धरून वळली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांडी पडल्यासारखा तिच्या हसण्याचा आवाज येत होता.

साळवे साहेबांनी चार लिहिले, दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या आणि जाताना पेढ्यांची आठवण करून दिली. टॅक्स तरीही दुप्पट दरानेच बसला, पण तो माणसाला भरता येईल असा होता. सरांनी तो भरला. पेढेही वाटले, पाण्याची वर्गणीही दिली. मधोमध चालायचं त्यांनी बंद केलं, कारण आता लोक थांबवून बोलायचे आणि रस्ता अडायचा.

पुढच्या बाजाराला आण्णांना म्हैस घ्यायची होती. "सर, सौदा तुमी करायचा," ते म्हणाले. "तुमचा हात लई चांगला हाय." नाही म्हणायची सोय नव्हती. जपान बाहेर काढला. किल्ली फिरवताच बाई बोलली. "दिलाय गं बाई, सगळा टॅक्स दिलाय," मागून रतनकाकू म्हणाल्या, "आता गप ऱ्हा."

घोडेगावात म्हशीच्या मालकाने टॉवेल पसरला. सरांनी श्वास रोखून आण्णांनी जेवढी सांगितली तेवढीच बोटं दाबली, एकदाच, आणि हात चटकन बाहेर काढला. मालकाने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग हसला, "दिली," म्हणाला आणि खूश होऊन शेकहँडसाठी हात पुढे केला.

गाडे सर चार पावलं मागे सरकले आणि त्यांनी लांबूनच त्याला नमस्कार केला.